बटणाचा खिसा

माझ्या बहिणीचा नवरा गोरख झुगरे याच्याएवढा भित्रा माणूस मी जव्हार-मोखाड्यात दुसरा पाहिला नाही. हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलेलं आहे. त्याला राग येत नाही. "हाय मी भित्रा," एवढंच म्हणतो आणि हातातलं काम पुढं चालू ठेवतो. मी त्याला दाजी म्हणतो, पण आमच्याकडं दाजीलाही अरे-तुरेच चालतं.

मी तुका. जव्हार ते खोडाळा माझी जीप चालते. स्वभाव तापट आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. एखादा म्हातारा टपावर गाठोडं चढवायला वेळ लावायला लागला की मी खाली उतरून स्वतःच गाठोडं फेकतो. थांबणं माझ्या रक्तातच नाही. आणि गोरख म्हणजे थांबण्याचंच काम करणारा माणूस. आमचं दोघांचं कसं जमतं हे जिजालाच ठाऊक. जिजा म्हणजे माझी धाकटी बहीण, गोरखची बायको.

गोरख मोटारी भरतो. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसायची आणि नवी घालायची, याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. एसटी डेपोच्या मागं त्याची पत्र्याची शेड आहे. विहिरीवरचे पंप येतात, गिरणीच्या मोटारी येतात, शिरपामाळाच्या वाटेवर एक हॉटेल आहे त्याचा पंप तर दर उन्हाळ्यात येतो. त्यानं भरून दिलेली मोटार परत आली असं मी कधी ऐकलं नाही. पण काम करताना त्याच्याकडं बघवत नाही. पायाखाली कोरडी फळी टाकल्याशिवाय उभा राहायचा नाही. टेस्टर एकदा लावून भागत नाही, तीनदा लावणार. माझ्या जीपमधून खोडाळ्याला यायचं झालं तर घाट लागला की डोळे मिटून दांडी धरून बसतो आणि सगळी जीप त्याला हसते. हसायला सुरुवात बहुतेक मीच करतो.

सगळ्यात मोठी गंमत फ्यूजची. कुठंही काम असो, हत्यारांना हात लावायच्या आधी तो मेन बंद करतो, त्यातले चिनी मातीचे तिन्ही फ्यूज उपसतो आणि स्वतःच्या खिशात टाकतो. फ्यूज खिशात असले की बाहेर कुणी काहीही दाबलं, काहीही ओढलं, तरी वीज पुढं येऊ शकत नाही. काम संपलं की फ्यूज तोच बसवणार. मालकालासुद्धा हात लावू देत नाही. लोक विचारतात, "गोरख, घरी जाताना चुलीतला जाळ पण खिशात घालून नेतोस का?" तो हसतो.

त्यामागचं कारण मला जिजानं सांगितलं. लग्नाआधी गोरख आणि त्याचा थोरला भाऊ देवराम भिवंडीला यंत्रमागाच्या मोटारी भरायचे. एका दुपारी देवराम मेन खाली पाडून, वीज तोडून मोटारीत हात घालून बसला होता. गोरख चहा आणायला गेला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी आलं, मेन पडलेला दिसला, आणि चांगल्या मनानं वर केला. गोरख परत आला तेव्हा त्याच्या हातात चहाचे दोन ग्लास होते. त्यापुढचं तो जिजालाही सांगत नाही.

हे कळलं त्या आठवड्यातच जिजानं त्याच्या सगळ्या शर्टांना डाव्या बाजूला जाड कापडाचा एक खिसा शिवला. वर पट्टी, पट्टीला काळं बटण. वाकताना फ्यूज पडू नयेत आणि कुणाचा सहज हात जाऊ नये म्हणून. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबिजेला मी तिला साडी घेऊन गेलो, तर तिनं साडी बाजूला ठेवली. म्हणाली, "मला ओवाळणी दुसरी पायजे. तू त्यांच्यासंगं असशील तवा त्यांचा खिसा बघत जा. बटण लावलाय का बघ. एवढाच कर."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं?

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्या जीपचा गिअरबॉक्स गेला. नाशिक रस्त्याला सुशीलशेठचं गॅरेज आहे, तिथं जीप लावली. सुशीलशेठकडं दोन खांबांची लिफ्ट आहे. खांबांना लोखंडी हात आहेत, ते गाडीच्या खाली सरकवायचे आणि बटण दाबायचं. एका खांबाच्या डोक्यावर मोटार बसवलेली आहे. मोटार पट्ट्यानं खांबातला उभा स्क्रू फिरवते, दुसऱ्या खांबातला स्क्रू साखळीनं फिरतो, आणि गाडी माणसाच्या डोक्याच्या वर जाते. सुशीलशेठनं ही लिफ्ट कुठल्यातरी बंद पडलेल्या वर्कशॉपमधून उचलून आणली. मोटार माझ्याहून वयानं मोठी असावी.

त्या दिवशी परतीचा पाऊस होता, विजा कडकडत होत्या. जीप अगदी वरपर्यंत गेली आणि दिवे मंद झाले. मोटार घशात काही अडकल्यासारखी गुरगुरली, वरून धूर आला आणि जळक्या वॉर्निशचा वास गॅरेजभर पसरला. जीप वरच राहिली.

गोरखला बोलावलं. आला तो दारातच थांबला आणि वर बघत राहिला. मग म्हणाला, "खाली कोण जायचा नाय." शिडीवर चढला, खांबातला स्क्रू आणि त्यावरचा नट बॅटरीनं बघितला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "शेठ, गाडी पेलणारा नट झिजलाय. ही आधी हातानं उतरवू. वरची पुली हातानं फिरवायची. तीनशे फेरे लागतील, पण उतरंल."

सुशीलशेठ म्हणाला, "अरे, गिअरबॉक्स बसवायला जीप वरच पाहिजे मला. तू मोटार भर, तोवर मी माझं काम उरकतो. मग बटण दाबलं की मिनिटात खाली."

मीही शेठचीच री ओढली. दिवाळी तोंडावर, खोडाळ्याच्या बाजाराची गर्दी, आणि हा माणूस तीनशे फेऱ्यांच्या गोष्टी करतो. गोरखनं वाद घातला नाही. पण जीपच्या खाली लाकडाचे जाड ठोकळे चारी बाजूंनी रचून घेतल्याशिवाय त्यानं कुणालाही काम करू दिलं नाही. मग फ्यूज काढले, खिशात घातले, बटण लावलं आणि मोटार सोडवायला चढला. मी खालून शिडी धरली होती. त्याच्या हातातला पाना नटावर कुडकुडत होता, त्याचा आवाज मला खालपर्यंत येत होता. मी हसलो. तेव्हा अजून हसू येत होतं.

मोटार भरायला दोन दिवस लागले. मी अधूनमधून शेडमध्ये जाऊन त्याच्या शेजारी बसायचो. छिन्नीनं जुनी काळी तार तोडून काढली, खाचा घासल्या, प्रत्येक खाचेत पिवळा कागद घातला. वेढे मोजताना त्याचे ओठ हलतात, आणि मध्ये कुणी बोललं की तो पहिल्यापासून मोजतो. मी मुद्दाम दोनदा बोललो. शेवटी वॉर्निश पाजून मोठ्या बल्बखाली रात्रभर वाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मोटार आम्ही दोघांनी दोरीनं ओढून खांबाच्या डोक्यावर चढवली.

ऑक्टोबरचं ऊन आणि वर पत्रा. घामानं गोरखच्या हातातून पाना सुटायला लागला, तसा तो खाली आला आणि शर्ट काढला. काढताना खिसा चाचपला. बटण लागलेलं होतं. शर्ट त्यानं मेनच्या शेजारी खिळ्याला टांगला आणि माझ्याकडं एकदा बघितलं. मी तिथं होतो म्हणूनच त्यानं तो तिथं टांगला, हे मला आता समजतं.

पट्टा घालायच्या आधी त्यानं नुसती मोटार फिरवून बघितली. स्वतः फ्यूज बसवले, 'खाली'चं बटण दाबलं, पुली त्यानं खडूनं काढलेल्या बाणाच्या दिशेनं फिरली. बरोबर. लगेच मेन बंद, फ्यूज परत टांगलेल्या शर्टाच्या खिशात, खिशाला बटण. मग वर जाऊन पट्टा चढवला आणि ताणून बसवायला लागला. सुशीलशेठनं गिअरबॉक्स बसवून टाकला होता. तो जीपच्या खालून ठोकळे काढायला लागला.

तेवढ्यात टेबलावरचा पंखा बंद पडला. दहा-पंधरा मिनिटांनी परत सुरू झाला. आमच्याकडं याचं कुणाला काय?

गोरख मात्र शिडीवरून खाली आला. "लाइट गेलती."

"आली की," मी म्हणालो.

"कुठं तार तुटली असंल, परत जोडली असंल. तीन तारांतल्या दोन इकडच्या तिकडं झाल्या तर मोटार उलटी फिरते. 'खाली' दाबला तर वर जाईल. आणि गाडी टोकाला गेली की वरचा खटका 'वर'च्याच बटणाला तोडतो, 'खाली'च्या नाय. म्हणजे अडवायला कोणच नाय." मग त्यानं वर बघितलं. "पट्टा परत काढून बघाया नको. पुष्पावतीकाकूंची गिरणी ह्याच लाइनवर हाय. तिथं चाकाला मी बाण काढलाय. बघून येतो. तवर हात लावू नका."

आणि बनियनवरच निघाला, पायात चपलाही न घालता. गिरणी हाकेच्या अंतरावर होती.

माझा फोन सकाळपासून वाजत होता. तो परत वाजला. खोडाळ्याची माणसं स्टँडवर खोळंबली होती आणि दुसरा जीपवाला माझ्या नंबरात लागला होता. माझं डोकं फिरलं. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, पुली बाणाच्या दिशेनं फिरली होती. आता गिरणी बघायची, मग काय चंद्र बघायचा? सुशीलशेठ खाली वाकून शेवटचे ठोकळे ओढत होता. मला वाटलं, तो बाहेर येईपर्यंत फ्यूज तरी बसवून ठेवू.

मी शर्टाच्या खिशाचं बटण काढलं. जिजानं ते इतकं घट्ट शिवलं होतं की दोन्ही हात लावावे लागले. फ्यूज बसवले, मेन वर केला. सुशीलशेठ सरळ उभा राहताना दिसला. मला वाटलं, निघाला. मी 'खाली' दाबलं.

जीप वर गेली.

वर जागा किती होती? चार बोटं. तेवढी संपली आणि लोखंड लोखंडावर आदळलं. मी बटण सोडलं. सोडलं, हे मी शपथेवर सांगतो. पण पेटीतला मोटारीला वीज देणारा जुना खटका आत चिकटून बसला आणि मोटार फिरतच राहिली. पट्टा किंचाळायला लागला, रबर जळायचा वास आला, जमिनीवरची साखळी उड्या मारायला लागली आणि खांबाच्या डोक्यावरचा एक बोल्ट तुटून माझ्या कानाजवळून गेला. सुशीलशेठ अजून जीपच्या खालीच होता. ठोकळा त्याच्या हातात होता. तो ठोकळा टाकून हातापायांवर रांगत बाहेर आला. मेन माझ्यापासून एका हातावर होता. तो ओढायचा असतो हे मला सुचलं नाही. मी बटणाकडंच बघत राहिलो.

गोरख धावत आत आला आणि मेन खाली ओढला.

मग इतकं शांत झालं की वरून माती पडताना ऐकू येत होती. साखळी दोन-चार दाते सरकली होती. जीपची एक बाजू खाली, मोटारीच्या खांबाकडं कललेली, आणि पुढच्या चाकाजवळ लोखंडी हातावर जीप जिच्यावर टेकते ती रबरी गादी अर्धी बाहेर आलेली. जरा धक्का लागला असता तर जीप घसरली असती. गोरखनं आधी जीपकडं बघितलं, मग सुशीलशेठकडं, मग खिळ्यावरच्या शर्टाकडं. खिसा उघडा होता. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दारात पुष्पावतीकाकू येऊन उभ्या राहिल्या होत्या, हाताला पीठ तसंच. "बाणाच्या उलटं फिरतंय म्हणाला आणि पळतच सुटला," असं काहीतरी त्या बोलल्या आणि जीप बघून त्यांनी दाराची चौकट धरली.

सुशीलशेठनं कपाळ पुसलं. तो म्हणाला, "दोन तारा बदलून टाक गोरख. मोटारीनंच उतरवू."

"नाय. खटका चिकटतोय. मोटारीचा झटका बसला तर गादी निघंल." गोरखनं मेनमधले फ्यूज काढले, माझा हात धरला आणि तळव्यावर ठेवले. "मूठ मिट. मी सांगंस्तवर उघडायची नाय."

"दाजी, मी चढतो वर. चूक माझी हाय."

"तुला थांबाया येत नाय," तो म्हणाला. "ह्यात थांबत थांबतच फिरवायचा हाय."

तो शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला आणि तिथंच थांबला. शिडी त्याच खांबाला लावलेली होती ज्या खांबाकडं जीप कलली होती. जीप घसरली तर त्याच्या छातीवर येणार, हे आम्हा चौघांनाही दिसत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुका, मला भ्या वाटतंय."

मी मूठ आणखी आवळली. तो चढला.

एका फेऱ्याला जीप नखभर खाली येते. तो पुली दोन्ही हातांनी धरायचा, एक फेरा द्यायचा, थांबायचा, गादीकडं बघायचा, मग दुसरा. फेरे मोठ्यानं मोजायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं होतं. मी मोजत होतो. ठोकळे परत रचायला खाली जायची कुणाची छाती नव्हती, आणि गोरखनं जाऊही दिलं नसतं.

चाळीसला खांबातून कुरकुर आली. गोरखनं डोळे मिटले. घाटात मिटतो तसेच. सगळी जीप ज्यावर हसायची तो चेहरा मी खालून बघत होतो. कुरकुर थांबल्यावर त्यानं डोळे उघडले आणि एकेचाळिसावा फेरा दिला. त्र्याण्णवला गादी बोटभर सरकली आणि जीप हलली. काकूंनी तोंडावर हात घेतला, पीठ सगळं गालाला लागलं. मी ओरडलो, "दाजी, खाली ये. जाऊ दे जीप." माझ्या जीपबद्दल असं मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. तो आला नाही. "मोज," म्हणाला. मी मोजायला लागलो आणि माझा आकडा चुकला. मध्ये बोललं की पहिल्यापासून मोजणारा माणूस वर उभा होता, पण तो काही बोलला नाही. मी चौऱ्याण्णव धरून पुढं गेलो.

माझ्या डोक्यात फक्त जिजा होती. ती या वेळी घरी नागलीचं पीठ चाळत असेल. तिला आता कुणी जाऊन काय सांगायचं? कोण सांगेल? मीच जाणार, आणि ती पहिलं विचारेल ते मला ठाऊक होतं. ती विचारेल, खिसा बघितला होतास का? दिवाळीतल्या वाघबारशीला वाघदेवाला नारळ देईन असं मी मनात म्हटलं. मग वाटलं, एका नारळात कसं भागेल, आणि पाच म्हटले. मोजताना माझा आवाज बारीक व्हायला लागला. भीती काय असते हे मला तोवर माहीतच नव्हतं. ती आपल्या जिवाची नसते, हे तर अजिबातच माहीत नव्हतं.

दीडशेनंतर त्याच्या हाताला फोड आले. पुलीवर ओले डाग दिसायला लागले. त्यानं बनियन काढून हाताला गुंडाळलं. दोनशेला तो शिडीवरच कपाळ खांबाला टेकून उभा राहिला. किती वेळ, ते माहीत नाही. सुशीलशेठ शिडी धरून होता आणि त्याच्या दाढीवरून घाम टपकत होता. रस्त्यावरून एसटी गेली की जमीन थरथरायची आणि गोरख पुली घट्ट धरून ती लांब जाईपर्यंत थांबायचा. प्रत्येक गाडीला थांबायचा. मला वाटायचं, आता एक फेरा दे, निघून जाऊ दे ही वेळ. पण तो बरोबर होता आणि मी चुकत होतो, हे मला त्या दुपारी दर गाडीला नव्यानं कळत होतं.

दोनशे सत्त्याऐंशीला मागचं चाक टेकलं. मग पुढचं. तरीही तो थांबला नाही. लोखंडी हात गाडीपासून सुटे होईपर्यंत त्यानं आणखी दहा-बारा फेरे दिले आणि मगच उतरला. उतरून जमिनीवर बसला, पाय पसरून. सुशीलशेठनं पाणी आणलं. ते त्याला धरवेना, काकूंनी पाजलं.

"मूठ उघड आता," तो मला म्हणाला.

माझी मूठ उघडत नव्हती. दीड तास मिटलेली बोटं तशीच अडकली होती. गोरखनंच ती एकेक करून सोडवली. तळव्यात तीन फ्यूजच्या खुणा उमटल्या होत्या. तो बराच वेळ त्या खुणा बघत होता.

त्यानं शर्ट घातला. फ्यूज खिशात टाकले आणि सुशीलशेठला म्हणाला, "उद्या नवा खटका आणि नवा नट बघू. तवर हे माझ्यापाशीच." मग बटण लावायला गेला, पण फोडांनी बोटं वळत नव्हती. दोनदा सुटलं.

"तू लाव," तो म्हणाला.

मी लावलं. त्या बटणाएवढ्या जवळून मी गोरखला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या छातीची धडधड कापडातून माझ्या बोटांना लागत होती.

घरी गेलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. जिजानं भाकरी केल्या होत्या, उडदाची आमटी होती. गोरखच्या हाताला बनियनच्या चिंध्या बघून तिनं परात बाजूला सारली. "हाताला काय झाला?"

"हातानं उतरवाया लागली जीप. जुनी हाय लिफ्ट."

तिनं माझ्याकडं बघितलं. ते येणारच होतं. "खिसा बघितला व्हतास ना रं?"

मी तोंड उघडलं. सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो. पण माझ्याआधी गोरख बोलला. "बटण तुकानंच लावला."

यात खोटं काहीच नव्हतं.

"मग काय," जिजा म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. "माझा भाऊ तिथं हाय म्हणून तर मी दिवसभर निवांत व्हते." तिनं माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली. ती भाकरी मला पाण्याबरोबर गिळावी लागली.

आता सुशीलशेठच्या लिफ्टला नवा नट आहे, नवा खटका आहे. माझी जीप रोज खोडाळ्याला जाते. घाटात कुणी गोरखला हसलं तर मी गाडी बाजूला घेतो आणि हसणाऱ्याला उतरवतो, दोघांना उतरवूनही झालं. परवा वाघबारशीला पाच नारळ दिले. एवढं सगळं केलं, पण त्यानं काही होत नाही. गोरखनं त्या दिवसाबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही, माझ्याकडंही नाही आणि जिजाकडंही नाही. तो काढणार नाही. ते माझं काम आहे, आणि तो माझ्यासाठी थांबलाय.

जिजा सातवी शिकली आहे. बारीक अक्षर तिला वाचता येतं. म्हणून हे लिहून काढलं, कारण तोंडानं सांगायला गेलो तर मी मध्येच चिडेन किंवा मध्येच थांबेन. तीन दिवसांवर भाऊबीज आहे. ती पाट मांडेल, ताट घेईल, आणि ओवाळायच्या आधी मी हे कागद तिच्या हातात देणार आहे. त्यानंतर तिनं ओवाळलं तर ओवाळलं.

मला भ्या वाटतंय.